मधल्या खोलीची शांतता

गाजर मोडलं की बोट मोडतं. ओला टॉवेल पिळून फरशीवर आपटला की माणूस पडतो.

आई कपात चहा ओतताना एक बोट कडेवरून आत सोडून ठेवते. चहा बोटाला लागला की थांबते. एक थेंब सांडत नाही.

लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते तिच्यात वरून हाक मारली, तर खाली पोचेपर्यंत ती दुसऱ्याच कुणाची तरी झालेली असते. असं लिफ्ट दुरुस्त करणारे माझे बाबा म्हणतात.

आत्याच्या लग्नाची, माझ्या जन्माआधीची, एक व्हिडिओ फीत आहे आमच्याकडे. तिच्यातून मी खुर्च्यांचा आवाज चोरला.

भर दुपारी आमच्या घरात रात्र झाली. काळे पडदे, निळा दिवा, खिडकीच्या फटीला चिकटपट्टी. शेजारच्या काकू बेल वाजवून हळूच विचारून गेल्या, "कुणी गेलं का गं?"

एक ओळ, अर्धवट सोडलेली. रोज तिथेच.

[खुर्ची सरकते]

आता एकेक जागेवर लावते.

मी सिनेमा शिकवणाऱ्या एका संस्थेत ध्वनी शिकत होते. शेवटच्या वर्षी काही जणांनी मिळून एक छोटी फिल्म करायची असते. आमचा दिग्दर्शक होता कट्या. शॉट संपला तरी 'कट' म्हणायचं त्याच्या लक्षात राहायचं नाही, नट बिचारे तसेच उभे राहायचे, म्हणून कट्या. त्याने भीतीची फिल्म लिहिली. एक मुलगी कुणाच्या तरी घरी, ते लोक गावाला गेलेत म्हणून, झाडांना पाणी घालायला राहायला येते. संध्याकाळ झाली की तिला वाटतं, मधल्या खोलीत कुणीतरी आहे. दार उघडते. कुणी नाही.

"कुणी दिसणारच नाही," कट्या म्हणाला. "जे काही आहे ते सगळं आवाजात." आणि माझ्या खांद्यावर थोपटून जेवायला निघून गेला.

म्हणजे फिल्म माझ्या डोक्यावर. आवाज घाबरवेना तर उरणार होती झाडांना पाणी घालणारी एक मुलगी, तीही जरा जास्तच वेळ.

शूटिंग आमच्या घरी झालं. आईने एकच अट घातली होती. "काय हलवायचं ते हलवा. पण निघताना सोफा होता तिथे, होता तसा. नाहीतर मी येऊन आपटेन आणि मग तुमच्या सिनेमात खरी किंकाळी येईल."

[कपाटाचं दार, फार हळू]

मग मी भीती गोळा करायला निघाले. बोट मोडल्याच्या आवाजाला गाजर आणि माणूस पडल्याच्या आवाजाला ओला टॉवेल होतेच.

फ्रिजच्या पाठीमागची घरघर. कपाटाची बिजागरी, तिचा वेग इतका कमी केला की ती म्हातारी होऊन कण्हायला लागली. स्टीलच्या ताटाच्या कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवला. पेटीचा एकच खर्जातला सूर उलटा चालवला, म्हणजे तो आधी संपतो आणि मग सुरू होतो. रिकाम्या पिंपात तोंड घालून श्वास घेतला. फीत लावून खुर्च्या घेतल्या: एकावर एक ठेवल्या जाणाऱ्या लोखंडी खुर्च्या, दर वेळी थोडा वरचा सूर.

हे सगळं करताना मी कित्येक दिवस पाण्याखाली असल्यासारखी होते. कुणी बोललं की आधी त्याचा आवाज ऐकू यायचा, मग शब्द. बस थांबली की ब्रेकचा सूर मनात लिहून घ्यायचे. कुणाचा चमचा पडला तर वळून बघायच्या आधी वाटायचं, हा चांगला आहे, परत पाड ना.

आमच्या ध्वनीच्या मॅडम दिसायला शाळेतल्या शिवणाच्या बाईंसारख्या. तोंडात खोकल्याची गोळी, डोळे मिटलेले. त्या पडद्याकडे बघतच नसत. पूर्ण फिल्म ऐकून झाल्यावर गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"ही भीती नाही," त्या म्हणाल्या. "ही भीतीची जाहिरात आहे."

कट्या खुर्चीत खाली खाली सरकला.

"सगळं काढ. संगीत काढ, ती ताटं काढ. नुसती खोली ऐकव."

[खोली]

नुसती खोली म्हणजे काय, ते सांगायला हवं. कुठलीच खोली पूर्ण गप्प नसते. प्रत्येकीची शांतता वेगळी: कुठे भिंतीत पाणी असतं, कुठे खाली रस्ता. शूटिंग संपलं की आम्ही सगळ्यांना उभं करतो, होते तिथे, पुतळ्यासारखं. कुणी हलायचं नाही, कपडे वाजवायचे नाहीत, पोट वाजलं तर त्याचं त्याने बघावं. आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून घेतो. मग ती सगळ्या दृश्यांखाली अंथरतात, चादरीसारखी, म्हणजे तुकडे जोडल्याचं कळत नाही.

आमच्या घरी ती मीच घेतली होती. कानावर हेडफोन, सगळे पुतळे, निळा दिवा. नीट ऐकली. स्वच्छ होती. मी अंगठा वर केला.

तीच चादर मी फिल्मभर अंथरली होती, बाकी आवाजांच्या ढिगाखाली. आता ढीग काढला. मुलगी पडद्यावर झाडांना पाणी घालत होती. खोली नुसती होती.

मॅडमनी डोळे उघडले.

मी त्यांना फिल्म चालू असताना डोळे उघडताना कधी पाहिलं नव्हतं.

"शेजारच्या खोलीत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

कट्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मग मी ऐकलं. भिंतीपलीकडून, कमी, फार कमी, कुणीतरी गुणगुणत होतं. कुठल्याही गाण्याचं नसलेलं काहीतरी. एक ओळ चढायची, वळायची, खाली यायला निघायची आणि पोचायच्या आत थांबायची. मग काहीच नाही. आणि परत पहिल्यापासून.

बाबा. त्या दिवशी लवकर आले असणार. आत बसून काहीतरी खोलून ठेवलं असणार.

हेडफोन लावून मी ते ऐकलं होतं आणि स्वच्छ म्हटलं होतं. जन्मापासून कानात असलेला आवाज. माझ्या लेखी ती आमच्या घराची शांतताच होती.

"हे तू केलंस?" कट्या कुजबुजला. "येडी, हे तू आधी का नाही ऐकवलंस?"

"याला हात लावू नकोस," मॅडम म्हणाल्या. "माणूस तिथे आहे आणि त्याला माहीत नाही की आपण ऐकतोय. आणि तो पूर्ण करत नाही. बघणारा अडकून बसतो. आहे तीच फिल्म."

[पाना फरशीवर ठेवला]

आमच्या घरात एक गोष्ट बोलायची नाही. बाबा गुणगुणतात, ही.

आईची नजर कडेकडेने जात आली आहे. आधी नळीतून बघितल्यासारखं, मग नळीत धुकं. उजेडात तिला आकार दिसतात, अंधारात काही नाही. पण कुणी हात धरलेला तिला खपत नाही. रस्त्यात एका भल्या माणसाने दंड धरला तर म्हणाली, "काका, तुम्हाला कुठे जायचंय? चला, सोडते मी." घरात ती भराभर वावरते. भांडी, दारं, सोफा, सगळं आपापल्या जागी असतं. जागा बदलतात ते फक्त बाबा.

आणि बाबा गुणगुणतात. म्हणून ते कुठे आहेत ते तिला कायम कळतं. ती कधी त्यांच्यावर आपटत नाही. कढई घेऊन वळते ती बाबा सरकल्यावरच.

मी लहान असताना तिने मला जवळ घेऊन सांगितलं होतं, "त्यांना सांगायचं नाही हं. त्यांना माहीतच नाही आपण गुणगुणतो ते. एकदा सांगितलं की माणूस स्वतःवर लक्ष ठेवतो. लक्ष ठेवलं की गेलं."

एकदा गेलंच होतं. मामा जेवायला आला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काय भावोजी, गाण्याच्या क्लासला जाताय वाटतं?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यानंतर बरेच दिवस ते मुक्याने वावरले. घरात कुणीतरी दिवे काढून नेल्यासारखं झालं. आई दारात थांबायची, मान कलती करायची, मग पाऊल टाकायची. एका सकाळी ती गरम तवा घेऊन वळली आणि बाबा तिथेच होते. तिच्या मनगटावरचा डाग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी बाबा गुणगुणायला लागले. मामाला अजून त्या विषयावरून बोलणी बसतात.

म्हणजे फिल्म दाखवायच्या दिवशी बाबा सभागृहात बसणार, पडद्यावरची मुलगी झारी खाली ठेवणार, आणि सगळ्या स्पीकरांतून बाबांना बाबा ऐकू येणार. मग घरी परत मुकेपण. आणि आता आईला उजेडातही तेव्हापेक्षा खूप कमी दिसत होतं.

"एवढंच ना?" कट्या म्हणाला. "बाबांना बोलवू नकोस."

"त्यांनी रजा टाकलीय. शर्टाला इस्त्री करून हँगरला लावलाय. कामावरच्या लोकांना सांगून ठेवलंय की त्या दुपारी कुणी लिफ्टमध्ये अडकू नका."

"मग त्यांना नाही ओळखू येणार. स्वतःचा आवाज कुणाला ओळखू येतो?"

"आणि आला तर?"

कट्याने नखं खाल्ली. "हे बघ, तुझ्या घरचं मला कळतं. पण ते काढलं तर आपल्याकडे काय उरतं? झारी!"

[हेडफोनची वायर टेबलाला घासते]

आईला सगळं सांगितलं. बाबा कामावर गेले होते, खिडकीतून ऊन सोफ्यापर्यंत आलं होतं. तिच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि ती शांतता लावली.

ती ऐकत राहिली. मग तिची मान हळूहळू डावीकडे वळली, मधल्या खोलीच्या दाराकडे, जिथे त्या क्षणी कुणीही नव्हतं. आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी दुसरीकडे बघितलं.

"स्क्रू शोधताहेत," ती म्हणाली. "खाली पडलाय. हां, सापडला."

"तुला कसं कळलं?"

"सापडला की वरच्या पट्टीत जातात." तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "काढून टाक हे."

"मग फिल्म पडते, आई."

"अगदी पडते?"

"मॅडम म्हणाल्या, आहे तीच फिल्म."

तिने मनगटावरचा डाग अंगठ्याने चोळला. ऊन सोफ्यावरून तिच्या पायांवर उतरलं. मग म्हणाली, "बाईच्या आवाजात चालेल का?"

[खोली, पुन्हा]

मधल्या खोलीत आईला बसवलं, मी भिंतीच्या अलीकडे मशीन घेऊन बसले. पडदे परत लावले. आईला पडद्यांनी काही फरक पडत नव्हता, पण म्हणाली, "लाव, मला जरा लाज वाटते."

तिने सुरू केलं. सूर चढला, वळला, खाली यायला निघाला, आणि पोचला. गोल, समाधानी, चादरीची घडी घातल्यासारखा.

"आई, थांबायचं. ते थांबतात तिथे."

"थांबले नाही का?"

"नाही. पूर्ण केलंस."

"बरं. पुन्हा."

पुन्हा चढला, वळला, निघाला, पोचला.

"आई!"

"अगं, अर्धवट कसं सोडू? जीव टांगल्यासारखं होतं." तिचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि मला वाटलं, ही माझी आई नाही, मी जन्मायच्या आधीची कुणी मुलगी आहे. "ते सोडतात तिथे. आणि उरलेलं मी पूर्ण करते. मनात. इतकी वर्षं तसंच चाललंय. मला अर्धं येतच नाही."

"एकदाच प्रयत्न कर."

तिने केला. थांबायच्या जागी तिचा श्वास अडखळला, थोडी शांतता गेली, आणि मग अगदी पुसट, चोरून, तिने ती ओळ घरी पोचवलीच. आम्ही दोघी दोन खोल्यांतून हसलो. ते हसूही रेकॉर्ड झालं आहे.

शेवटी मी यंत्रात कापलं. बाबा थांबतात त्याच ठिकाणी. कात्री लावताना आईच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटलं. कापलेले शेवट टाकवले नाहीत. एका बाजूला ठेवून दिले, सगळे, रांगेने.

कट्याने ऐकलं आणि अंगावरचा काटा दाखवायला बाही वर केली. "आधी नुसतं कुणीतरी होतं," तो म्हणाला. "आता कुणीतरी वाट बघतंय."

[सभागृह]

दुपारच्या खेळाला लोक जमले. आई-बाबा मधल्या रांगेत, कडेच्या खुर्च्यांवर. बाबांचा तो इस्त्रीचा शर्ट. मी मागे, आवाजाच्या बटणांपाशी. आवाज बाईचा होता, पण चाल बाबांचीच होती.

दिवे गेले. झाडं आली. पाणी पडण्याचा आवाज सभागृहाच्या छतावरून फिरून खाली आला.

आणि बाबांचा फोन थरथरला. कुणीतरी अडकलंच होतं. ते आईच्या कानाशी काही बोलले, वाकून बाहेर गेले. जाड दार त्यांच्यामागे बंद झालं. आईने त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली.

माझ्या मनात पहिलं आलं ते हे: सुटलो. ते बाहेर असतानाच ते दृश्य जाईल.

दुसरं आलं ते तिच्या मानेकडे बघून. ती मान कलती झाली होती. पूर्ण अंधार, अनोळखी जागा, शेजारी कुणी नाही. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर जरासा पुढे सरकला, थांबला, मागे आला. ती कुणाला काही विचारणार नव्हती. पडद्यावर मुलीने झारी खाली ठेवली.

भिंतीपलीकडून आईचा आवाज आला.

सभागृहात कुणी हलेना. कागदाची पुडी वाजवणारा एक जण होता, तोही थांबला. सूर चढला, वळला, खाली यायला निघाला आणि तुटला. मुलगी मधल्या खोलीच्या दाराकडे निघाली. परत पहिल्यापासून. चढला, वळला. मुलीचा हात कडीवर. सूर निघाला.

तुटला.

त्या शांततेत, मी कापून रिकाम्या ठेवलेल्या जागेत, मागच्या दारापाशी कुणीतरी गुणगुणलं. तुटली होती तिथून पुढे. खालच्या आवाजात, अजिबात घाई न करता, अंधारातून रांगांच्या बाजूने चालत. उरलेली अख्खी ओळ, शेवटपर्यंत, पोचेपर्यंत.

पहिली किंकाळी तिसऱ्या रांगेतून आली. मग सगळीकडून. कट्या माझ्या शेजारी खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. "हे तू कधी टाकलंस?" तो ओरडत होता. "हे कुठल्या स्पीकरमधून येतंय?"

आई ओरडली नाही. मान न वळवता तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. बाबा येऊन बसले.

[रस्ता, लांबून एक सायकल]

घरी जाताना मी त्या दोघांच्या मागे चालत होते. ऊन तिरपं झालं होतं आणि त्यांच्या सावल्या माझ्यापर्यंत पोचत होत्या.

"कोण अडकलं होतं?" आईने विचारलं.

"एक बाई आणि तिचं कुत्रं. कुत्रं शांत होतं, बाईच भुंकत होती. फोनवरूनच सोडवलं." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "चांगली झाली हं फिल्म. ती गुणगुणणारी बाई कोण होती गं? गोड आवाज आहे."

"असेल कुणीतरी," आई म्हणाली.

"शेवट सोडते मात्र."

"असते एकेकाला सवय."

"हं," बाबा म्हणाले.

वळणावर फुटपाथ उंचसखल होता. बाबा अर्धं पाऊल पुढे झाले आणि त्यांनी सुरू केलं. सूर चढला, वळला, खाली यायला निघाला आणि थांबला. आई त्यांच्या मागोमाग नेमकी तिथेच पाय टाकत गेली. तिचे ओठ मिटलेले होते. मी कान देऊन ऐकत होते. पण ते रेकॉर्ड होण्यासारखं नव्हतं.

आत्याच्या लग्नाच्या फितीत बाबा एकटेच खुर्च्या रचत आहेत, कॅमेरा त्यांच्या अगदी जवळ आहे, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत खुर्च्यांखेरीज तिथे कसलाही आवाज नाही, बाबांचाही नाही; आईला तेव्हा सगळं स्वच्छ दिसत होतं.